घड्याळाचा स्वभाव ओळखा

श्रोतेहो, बैलाच्या खांद्याला सूज आली की ती धन्याच्या नजरेला पडते. विहिरीवरचा रहाट कुरकुरू लागला की माजघरात बसलेल्या माणसालाही ऐकू येते आणि कोणी तरी तेलाची वाटी घेऊन उठते. मनगटावरच्या किल्लीच्या घड्याळाचे मात्र तसे नाही. त्याच्या आतले तेल सुकले तरी ते कुरकुरत नाही. मुकाट्याने टिकटिक करीत राहते. म्हणून घरोघर एकच उत्तर ऐकू येते, "अहो, चालतंय की घड्याळ! मग उगीच कशाला उघडायचं?"

आजचे माझे बोलणे या एका प्रश्नापुरतेच आहे. चालते घड्याळ घड्याळजीकडे केव्हा न्यावे, आणि केव्हा नेण्याचे कारण नाही?

कोणी म्हणेल, आता वेळ तर मोबाइलवर दिसते. मग किल्लीच्या घड्याळाची एवढी चिंता कशाला? खरे आहे. पण आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत असे एखादे घड्याळ आजही आहे. कोणाच्या वडिलांना ते लग्नात मिळाले, कोणा गुरुजींना निवृत्तीच्या समारंभात गावाने दिले, कोणा चाकरमान्याने गणपतीला येताना मुंबईहून धाकट्या भावासाठी आणले. अशी घड्याळे आता वेळेसाठी कमी आणि त्या माणसाच्या आठवणीसाठी जास्त जपली जातात.

त्यांपैकी बरीच एच. एम. टी.ची आहेत. बंगळूरच्या हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कारखान्याने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली मनगटी घड्याळे बनविण्यास आरंभ केला. त्यांतले 'जनता' हे घड्याळ तर नावाप्रमाणेच जनतेचे झाले. पुढे सेलवर चालणारी क्वार्ट्झ घड्याळे आली, किल्लीच्या घड्याळांची मागणी ओसरली, आणि २०१६च्या जानेवारीत केंद्र सरकारने एच. एम. टी.ची घड्याळ कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच, की कारखाना चालू होता तेव्हा एखादे चाक झिजले तर नवे चाक सहज मिळे. आता घड्याळजीला ते दुसऱ्या मोडक्या घड्याळातून काढावे लागते. तेव्हा आतला भाग झिजू न देणे यातच शहाणपण आहे. वेळेवर केलेली साफसफाई थोडक्या खर्चात होते. झिजलेला भाग मात्र पैसे मोजूनही मिळेल याची खात्री नाही.

आता घड्याळाच्या पोटात काय चालते ते थोडे पाहू. किल्ली दिली की एका डबीत बसविलेली पोलादी पट्टीची कमान घट्ट गुंडाळली जाते. ती हळूहळू उलगडते आणि तिचा जोर एकामागून एक चाकांतून पुढे जातो. शेवटी एक बारीक चाक मागे-पुढे झोके घेत असते. त्याला बॅलन्स म्हणतात. केसासारख्या बारीक कमानीच्या जोरावर ते झुलते, आणि त्याच्या प्रत्येक झोक्याला एक टिक होते. 'जनता'सारख्या घड्याळात सेकंदाला ५ टिका होतात. म्हणजे तासाला १८,०००, दिवसाला ४ लाख ३२ हजार, आणि वर्षाला १५ कोटी ७६ लाखांहून अधिक! शिक्षक मंडळींनी हा गुणाकार वर्गात जरूर करून घ्यावा.

या झुलत्या चाकाच्या आसाची टोके जेमतेम एखाद्या जाड केसाएवढी असतात. ती माणकाच्या बारीक भोकांत फिरतात. घड्याळाच्या तबकडीवर '१७ ज्यूल्स' असे लिहिलेले असते ते याच खड्यांविषयी. हे खडे कारखान्यात तयार केलेले कृत्रिम माणिक असतात. दागिन्यातल्या माणकाची किंमत त्यांना नसते. कोणी '१७ हिऱ्यांचे घड्याळ' म्हणून फसवू लागला तर फसू नका. खडा कठीण आणि गुळगुळीत, म्हणून तिथे पोलादी टोक कमी झिजते. पण ही गोष्ट मधे तेल आहे तोवरची. आणि ते तेल असते किती? सुईच्या अग्रावर मावेल एवढे. चार-पाच वर्षांत ते दाट होते, पसरते किंवा सुकते. घड्याळ कपाटात नुसते पडून असले तरीही सुकते. मग त्यात बारीक धूळ आणि धातूची पूड मिसळून काळी चिकट राड होते. सहाणेवर खोड झिजावे तसे पोलादी टोक त्या राडीत झिजू लागते. घड्याळ चालतच असते. पण रोज थोडे थोडे स्वतःलाच खात असते.

आपल्या कोकणात या कामाला आणखी तीन हात लागतात. एक, पाऊस. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या दिवसांत भिंतींना ओल येते, पोह्यांना बुरशी येते. मग घड्याळातल्या पोलादाची काय कथा? दुसरा, खारा वारा. मिरकरवाड्याच्या बंदरावर होडीच्या खिळ्यांची जी दशा होते, तीच किल्लीच्या दांडीची होऊ शकते. तिसरी, जांभ्याची तांबडी धूळ. चिऱ्याच्या खाणीवर किंवा कच्च्या रस्त्यावर ती इतकी बारीक उडते की जुन्या डबीच्या फटीतून सहज आत शिरते. याशिवाय आंबे उतरवताना हातावर चीक येतो, काजूच्या टरफलाचे तेल लागते. तसल्या हाताने किल्ली दिली की किल्लीच्या खाचा चिकट होतात आणि तिच्या तळचे रबर लवकर खराब होते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. घड्याळ बिघडत चालले हे ओळखायचे कसे? बहुतेक मंडळी विचारतात, "रोज किती पुढं जातं? किती मागं पडतं?" हा प्रश्न अर्धाच आहे. खरा प्रश्न असा, की रोज *तेवढेच* पुढे जाते का?

एक उदाहरण घेऊ. समजा, दोन शेजाऱ्यांनी आपापली घड्याळे आठवडाभर तपासली. पहिल्याचे घड्याळ सात दिवसांत अनुक्रमे २०, २२, १८, २१, १९, २० आणि २० सेकंद पुढे गेले. आठवड्याला २ मिनिटे २० सेकंद पुढे. दुसऱ्याचे घड्याळ एक दिवस ५ सेकंद पुढे, दुसऱ्या दिवशी ४० मागे, मग ७० पुढे, १५ मागे, ६० मागे, ५० पुढे आणि शेवटी ५ मागे. बेरीज-वजाबाकी केली तर आठवड्याला अवघे ५ सेकंद पुढे! दुसरा शेजारी खूष होईल. पण आजारी घड्याळ त्याचेच आहे. पहिल्याचे घड्याळ निरोगी आहे. त्याला फक्त थोडे मागे लावायला हवे. घड्याळजी आतली बारीक कळ किंचित सरकवून ते काम करतो. दुसऱ्याच्या घड्याळाला मात्र स्वभावच उरलेला नाही. त्याच्या चाकांना कधी वाट मिळते, कधी अडते.

म्हणून एवढे ध्यानात ठेवा: घड्याळाची चूक ठरलेली असेल तर ते लावून घ्या, चूक बदलत असेल तर ते उघडून साफ करून घ्या. वीस-तीस सेकंदांची रोजची चूक ही जुन्या किल्लीच्या घड्याळाला लाजिरवाणी नाही. दिवसाचे ८६,४०० सेकंद. त्यांत ३० सेकंद म्हणजे २,८८० भागांतला एक भाग. एवढ्याशा यंत्राकडून याहून जास्त मागणे म्हणजे त्याच्यावर अन्यायच.

तपासणी करायची तर आधी खरी वेळ हाताशी पाहिजे. आकाशवाणीवर सांगितलेली वेळ घ्या, नाही तर मोबाइलवरची घ्या. दुपारी सूर्य डोक्यावर आला म्हणजे बारा वाजले, असे धरून मात्र घड्याळ लावू नका. भारताची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६पासून साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून धरली जाते. रत्नागिरी त्याच्या पश्चिमेला सुमारे सव्वानऊ अंशांवर आहे, आणि एका अंशाला चार मिनिटे लागतात. त्यामुळे आपल्याकडे सूर्य सरासरी सदतीस मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. ऋतूप्रमाणे त्यात आणखी थोडा फरक पडतो. शाळेच्या अंगणात काठी रोवून मुलांना हे प्रत्यक्ष दाखविता येईल.

आता तपासणीची रीत. सकाळी ठरलेल्या वेळी किल्ली पूर्ण द्यावी, घड्याळ खऱ्या वेळेला लावावे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी फरक वहीत लिहावा. रोज लावून घेऊ नये. नुसता फरक लिहावा. आठ दिवसांत घड्याळाचा स्वभाव कळतो. त्यानंतर दोन दिवस घड्याळ मनगटावर न घालता ठेवावे. पहिला दिवस तबकडी वर करून आडवे, दुसरा दिवस किल्ली खाली येईल असे उभे. आडव्या आणि उभ्या स्थितीत थोडा फरक पडणारच. पण आडवे असताना बरोबर चालणारे घड्याळ उभे केल्यावर दिवसाला दीड-दोन मिनिटे चुकू लागले, तर झुलत्या चाकाचा झोका आखूड झाला असे समजावे. तेल सुकल्याची ही जुनी आणि बरीच खात्रीची खूण आहे.

दुसरी खूण, भूक. चांगले घड्याळ एकदा पूर्ण किल्ली दिल्यावर दीड दिवस तरी चालते. रोज सकाळी सातला किल्ली देता आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच ते थांबलेले आढळते, तर आत कुठे तरी अडते आहे किंवा कमान थकली आहे. हातावरच्या हालचालीने आपोआप किल्ली भरणारे घड्याळ असेल तर थोडे सबुरीने घ्यावे. आजारपणात अंथरुणावर पडून असलेल्या माणसाचे असे घड्याळ थांबले तर तो घड्याळाचा दोष नव्हे.

तिसरी खूण बोटांना कळते. किल्ली देताना ती मऊ, एकसारखी फिरली पाहिजे. खरखर लागत असेल, कडक वाटत असेल, तर दांडीला गंज धरला असावा. पाणी बहुधा तिकडूनच आत येते. आणि हाताने किल्ली द्यायच्या घड्याळाची किल्ली कितीही फिरवली तरी 'भरली' असे वाटतच नसेल, तर कमान तुटली किंवा सुटली समजा.

चौथी खूण कानाला कळते. रात्री निजानीज झाल्यावर घड्याळ कानाशी धरा. टिकटिक समान अंतराने आली पाहिजे. लंगड्या माणसाच्या पावलांसारखी एक लांब, एक आखूड अशी येत असेल, किंवा घड्याळ उलटे केल्यावर आवाज खोल जात असेल, तर ते दाखवावे. टिकटिक नीट चालू आहे, पण मिनिटकाटा मात्र मागे राहतो, असेही कधी होते. तिथे आतली यंत्रणा ठीक असते. काटा ज्या नळीवर बसतो तिची पकड ढिली झालेली असते. काम लहान असते, पण ते घड्याळजीनेच करावे.

पाचवी खूण डोळ्यांना दिसते, आणि तिच्यासाठी एक दिवसही थांबू नये. काचेच्या आतून वाफ धरली तर पाणी आत गेले आहे. ऊन पडल्यावर वाफ नाहीशी होते आणि माणूस म्हणतो, "सुकलं!" ते सुकलेले नसते, काचेवरून निघून आत पोलादावर जाऊन बसलेले असते. असे घड्याळ चुलीजवळ ठेवू नका. तांदळाच्या डब्यात पुरूनही उपयोग नाही. काच कोरडी दिसेल, पण आत चढू लागलेला गंज थांबणार नाही. त्याला किल्ली न देता त्याच दिवशी घड्याळजीकडे न्या. समुद्राचे पाणी असेल तर तासांचाही हिशेब धरा.

एक बिघाड असा आहे की जो पाहून लोक उगीच घाबरतात. कालपर्यंत नीट चालणारे घड्याळ आज एकाएकी कित्येक मिनिटे पुढे पळू लागते. बहुधा त्याला चुंबकाची बाधा झालेली असते. लाउडस्पीकर, लोहचुंबकाची कडी असलेले मोबाइलचे पाकीट, अशा वस्तूंजवळ ते राहिले की केसकमानीची वेटोळी एकमेकांना चिकटतात. शाळेतली चुंबकसूची घड्याळाजवळ धरावी. सूची टिकटिकीबरोबर थरथरू लागली तर शंका खरी. चुंबक काढण्याचे यंत्र घड्याळजीकडे असते. ते काम काही क्षणांचे आहे, आणि त्यासाठी घड्याळ उघडावेही लागत नाही.

आणि यांपैकी एकही खूण नसेल तर? तर मुदत पाहावी. शेवटची साफसफाई होऊन चार-पाच वर्षे झाली असतील, तर घड्याळ रोज वापरात असो वा नसो, ते एकदा उघडून घ्यावे. बंदरावर काम करणाऱ्याने किंवा चिरेखाणीवर जाणाऱ्याने तीनच वर्षांची मुदत धरावी, असे मी सुचवीन. आजोबांचे घड्याळ वीस वर्षे पेटीत होते, किल्ली देताच ते सुरू झाले, म्हणून आनंदाने हातावर बांधून फिरू नये. आत तेल नाही. ते कोरडेच पळते आहे. आधी साफ करून घ्यावे, मग हौसेने वापरावे.

घड्याळजीकडे गेल्यावर काय सांगावे? "जरा बघा हो याला," एवढेच म्हणू नये. आपली वही दाखवावी. रोज किती फरक, आडवे किती, उभे किती, किल्ली किती तास पुरते. चांगल्या वैद्याला जसा नीट हकीकत सांगणारा रोगी आवडतो, तसेच हे. मग स्पष्ट विचारावे, "सगळं खोलून धुणार ना?" साफसफाई म्हणजे प्रत्येक चाक सुटे करून धुणे, आसांची टोके भिंगातून तपासणे, कमान पाहणे आणि नेमक्या जागी नेमके तेल देणे. कमानीला दाट वंगण, झुलत्या चाकाला पातळ तेल, आणि चाकांच्या दात्यांना तेल अजिबात नाही. मागचे झाकण उघडून फुंकर मारणे आणि वरून तेलाचा थेंब सोडणे याला साफसफाई म्हणत नाहीत. त्याने घड्याळ चार दिवस पळते आणि जुन्या राडीत नवी भर पडते. हेच काम घरी खोबरेल तेलाने किंवा शिलाई मशीनच्या तेलाने करणारेही आहेत. त्यांना हात जोडून विनंती, की कृपा करून असे करू नका.

घड्याळ त्याच संध्याकाळी परत मागू नये. साफ केलेले घड्याळ काही दिवस आडवे-उभे ठेवून पाहणे हा कामाचाच भाग आहे. एखादा भाग बदलला असेल तर जुना भाग मागून घ्यावा. परत आणल्यावर पुन्हा आठ दिवस वही लिहावी. हातावर लांबलचक फरकाऐवजी ठरलेला फरक दिसू लागला की काम नीट झाले. आणि त्या वहीच्या पहिल्या पानावर साफसफाईची तारीख टाकून ठेवावी. पाच वर्षांनी ती कोणाच्याच लक्षात राहत नाही.

श्रोतेहो, आपण आगोटीची तयारी करतो. कौले परततो, लाकूडफाटा आत घेतो, मीठ-मिरचीची बेगमी करतो. गळल्यावर छपरावर चढण्यापेक्षा वैशाखात चढलेले बरे, हे कोकणात कोणाला शिकवावे लागत नाही. त्याच कामांत हे एक छोटे काम घाला. मृग लागण्यापूर्वी घड्याळ एकदा आठ दिवस तपासा. किल्लीचे आणि झाकणाचे रबर ठीक आहे का ते घड्याळजीला पाहू द्या. रोज एकाच वेळी, हातातून काढून, हलक्या बोटांनी किल्ली द्या. भरली असे वाटले की थांबा. घामाचा पट्टा पुसा. आणि घरातल्या मुलाला ती वही लिहायला द्या. बारीक फरक रोज नोंदविण्याची सवय त्याला लागली, तर ती घड्याळापुरती राहणार नाही. विहिरीचे पाणी, गाईचे दूध, आजीचा खोकला, यांतही 'आज कालच्यासारखे नाही' हे त्याला वेळीच कळेल.

घड्याळ बंद पडले की ते दुरुस्तीला न्यावे, हे कोणीही सांगेल. ते चालत असतानाच त्याचा स्वभाव बदललेला ज्याला कळतो, त्याच्या घरी वडिलांचे घड्याळ नातवाच्या मनगटावरही चालते.